कॅनू घेऊन नदीत कधी जायचं? नागपूरच्या नवख्यांसाठी महिन्यांचा हिशोब

पहिल्यांदा कॅनू घेऊन गेलो ते एप्रिलच्या शेवटच्या रविवारी. सुट्टी होती, मित्राची गाडी होती, कॅनू भाड्यानं मिळाली होती, सगळं होतं, फक्त पाणी नव्हतं. म्हणजे होतं, पण काठापासून दोन-अडीचशे पावलं आत, आणि मधे चिखल. वरून वाळून तडे गेलेला, पाय ठेवला की पिंढरीपर्यंत आत. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरला कुही तालुक्यातल्या एका गावाजवळ आम्ही तिघं ती कॅनू ओढत होतो, माझी एक चप्पल तिथंच गेली ती आजपर्यंत तिथंच आहे. काठावर एक धीवर काका जाळं दुरुस्त करत बसले होते, त्यांनी मान वर न करताच विचारलं, "आता काय येता जी, पाणी तं उतरलं. दिवाळी झाल्यावर या."

तेव्हापासून दरवर्षी जातोय, चार-पाच वेळा तरी, आणि ऑफिसातल्या नवीन पोरांचे तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचं लिहून टाकतो. नेटवर शोधलं तर सगळीकडे "ऑक्टोबर ते मार्च" एवढंच मिळतं. चूक नाही ते, पण अख्ख्या भारताला एकच उत्तर दिल्यासारखं आहे आणि आपल्याकडे त्या सहा महिन्यांतही चांगले किती आणि फसवे किती ते त्यात येत नाही.

## १. आधी ठरवा, पाणी कसलं हवंय

महिना नंतर. थांबलेलं पाणी हवं की वाहतं, हे आधी. कारण दोघांचा सीझन वेगळा.

नवीन असाल तर थांबलेलं पाणी घ्या, यावर वाद नको. रामटेकजवळचा खिंडसी, नागपूरहून पन्नासेक किलोमीटर, तिथं बोटिंगची सोय आधीपासून आहे, पाण्यावर बसायची सवय करायला बरं. त्यानंतर गोसेखुर्दचं बॅकवॉटर. तिथं वैनगंगा एवढी पसरलीय की नदी म्हणावं की तलाव ते कळत नाही. आंभोऱ्याला वैनगंगा, कन्हान आणि अजून छोट्या नद्या मिळून पाच नद्यांचा संगम म्हणतात, जागा बघण्यासारखी आहेच.

वाहती नदी म्हणजे कन्हान, किंवा धरणाच्या वरच्या अंगाची वैनगंगा. हे दुसऱ्या वर्षी. तोतलाडोह धरण पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या आत येतं, तिथं स्वतःची कॅनू न्यायचा विचारही करू नका. आणि नाग नदीबद्दल दरवेळी कुणीतरी विचारतंच, तर राजेहो, शहराला तिचं नाव आहे एवढंच, सध्या तिच्यात सांडपाणी वाहतं.

एक छोटी गोष्ट, कॅनू आणि कयाक एक नाही. कॅनू वरून उघडी असते आणि वल्हं एका बाजूचं, कयाकला दोन्ही टोकांना पातं. आपल्याकडचा डोंगा बघितलाय ना, कॅनू त्याच्याच घराण्यातली. उघडी आणि उंच कडांची असल्यामुळे वारा तिला जाम ढकलतो, हे लक्षात ठेवा, पुढे चौथ्या पायरीत लागणार आहे.

## २. डोक्यावरचं आभाळ बघू नका, छिंदवाड्याचं बघा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, बाकी लेख वाचला नाही तरी चालेल.

आपल्या नद्यांचं पाणी इथलं नाही. कन्हान आणि पेंच दोन्ही छिंदवाडा जिल्ह्यात सातपुड्यातून उतरतात, वैनगंगा सिवनी जिल्ह्यातून येते. म्हणजे नागपुरात कडक ऊन पडलेलं, तुम्ही डबा भरून निघालात, आणि दोन दिवस आधी तिकडे कोसळलेला पाऊस आता तुमच्या काठाला येतोय असं होऊ शकतं, होतंच.

आपल्याकडे म्हण आहे, आला पोळा आणि पाऊस झाला भोळा. शेतीसाठी असेल बरोबर, नदीत उतरणाऱ्यानं ती विसरून जावी. २०२० ला पोळा होऊन दहा-बारा दिवस झाले होते, ऑगस्टचा शेवट, मध्य प्रदेशात जोरदार पाऊस झाला, वरच्या धरणांचे दरवाजे उघडले, गोसेखुर्दचे ३३ च्या ३३ दरवाजे उघडावे लागले आणि भंडाऱ्यात पाणी शिरलं. पुढच्या वर्षी सप्टेंबर २०२१ मध्ये वरूड तालुक्यात वर्धा नदीत नाव उलटली, अकरा जण गेले. तेव्हाही पोळा होऊन गेलेला, गणपती बसलेले. म्हणून आमच्याकडे नियम एकच आहे, पोळा नाही, कोजागिरी. कोजागिरी होईपर्यंत कुठल्याच पाण्यात कुणीही उतरायचं नाही, कितीही सूर्य दिसू दे.

आणि दुसरी बाजू पण आहे. जुलै २०१९ ला नागपुरात एक दिवसाआड पाणी होतं, आठवत असेल, तोतलाडोह आटला होता. त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात तो पूर. म्हणजे "मागच्या वर्षी नोव्हेंबरात मस्त होतं" हा पुरावा धरायचा नाही. प्रत्येक वर्षी नव्यानं बघायचं: पाऊस किती झाला, धरण किती भरलं, दरवाजे बंद झाले का. धरणसाठ्याचे आकडे पेपरात येतात, हवामानाचं विदर्भाचं केंद्र नागपुरातच आहे, त्यांचा अंदाज रोज निघतो. फक्त विदर्भाचा वाचून थांबू नका, पूर्व मध्य प्रदेशाचाही वाचा.

## ३. आता महिने

जून मध्य ते सप्टेंबर: नाही. पाणी गढूळ, झाडं वाहून येतात, ओंडका पाण्याखाली असला तर दिसतच नाही. थांबलेल्या तलावातही नको, काठ निसरडे असतात आणि वारा-पाऊस अचानक येतो. या काळात पोहायला शिका, शहरात तलाव आहेत पोहण्याचे. कॅनू उलटली तर काय, याचं उत्तर तिथंच तयार होतं.

ऑक्टोबर: फसवा महिना. फोटोत सगळ्यात सुंदर हाच दिसतो, धरणं भरलेली, काठ हिरवे, आभाळ धुतल्यासारखं. पण पहिल्या पंधरवड्यात मान्सून अजून जायच्या वाटेवर असतो आणि दुपारी ऑक्टोबर हीट. आमचा एक मित्र सकाळी अकराला उतरला, दीडपर्यंत त्याचं डोकं दुखून उलटी झाली, पाणी चोहीकडे आणि हा पाण्यावाचून आजारी, बाटली गाडीत राहिलेली. कोजागिरीनंतर सकाळी सात ते दहा एवढंच करायचं असेल तर थांबलेल्या पाण्यात चालेल. वाहत्या नदीसाठी दिवाळी होऊ द्या.

नोव्हेंबर मध्य ते जानेवारी अखेर: हाच. याच्यापुढे काही नाही. पाणी काठापर्यंत असतं म्हणजे कॅनू गाडीतून काढली की वीस पावलांत पाण्यात, गाळ खाली बसून पाणी निवळलेलं, प्रवाह मंदावलेला, ऊन सुसह्य. रब्बीसाठी कालव्यानं पाणी सुटायला लागतं तसं पातळी हळूहळू उतरते, पण अजून चिखलाचा पट्टा तयार झालेला नसतो. शिवाय पक्षी. पट्टकादंब, चक्रवाक, लालसरी असे पाहुणे याच दिवसांत येतात, आणि इंजिनाच्या बोटीला जे उडून जातात ते कॅनूला बरंच जवळ येऊ देतात, फक्त थव्यात घुसायचं नाही, लांबून वळसा घ्यायचा. मागच्या डिसेंबरात आम्ही वल्ही वर उचलून नुसते वाहत बसलो होतो, वल्ह्याच्या पात्यावरून एकेक थेंब पाण्यात पडत होता तेवढाच आवाज, आणि समोर चक्रवाकांची जोडी, नारिंगी, एका बुडालेल्या बांधावर उभी. दहा मिनिटं कुणी बोललं नाही, आमच्या ग्रुपसाठी हा विक्रम आहे.

यातही बारीक निवड करायची तर, नोव्हेंबरचा शेवट आणि डिसेंबरचा पहिला पंधरवडा नवख्यांना सगळ्यात बरा. जानेवारीत पहाटेचं तापमान १० च्या खाली जातं, त्यात भिजलात तर दात वाजतात.

फेब्रुवारी: चांगला, पण गारपिटीचं वर्ष असेल तर बेभरवशाचा. महाशिवरात्रीला आंभोऱ्याला यात्रेची गर्दी असते, तो आठवडा सोडून द्या.

मार्च: पहिला पंधरवडा, सकाळीच. होळी झाली की गाशा गुंडाळा.

एप्रिल, मे: माझी चप्पल विचारा. मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ ला गेला होता, २०२४ ला तर एका यंत्रानं ५६ दाखवलं (सेन्सर बिघडला होता म्हणे, पण नागपूरकरांनी आधी विश्वास ठेवला होता, यातच सगळं आलं). नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, पाण्यात जाणारा माणूस वेडाच. कन्हानच्या पात्रात तर उन्हाळ्यात जागोजागी नुसती रेती, डांगरवाड्या (रेतीतले टरबूज-काकडीचे मळे) लागतात, आणि रेती उपसून झालेले खड्डे असतात. गुडघाभर पाणी आहे म्हणून उतरून कॅनू ढकलायला गेलात की पुढचं पाऊल थेट डोक्याइतक्या खोलात. हे अतिशयोक्ती करून सांगत नाहीये.

## ४. दिवसातली वेळ

महिना बरोबर आणि वेळ चुकली तरी फसगत होते.

सकाळी लवकर, कारण वारा. साधारण दहा-अकरानंतर उघड्या जलाशयावर वारा सुटतो आणि वर सांगितल्याप्रमाणे कॅनूला तो नको तिकडे नेतो. सुरुवात नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध करा, म्हणजे परत येताना थकलेल्या हातांना वारा मदत करेल. आम्ही उलटं केलं होतं, जाताना वाटलं आपण किती भारी वल्हवतो, चाळीस मिनिटांत पोचलो, येताना दोन तास.

डिसेंबर-जानेवारीत धुकं असतं. दुसरा काठ दिसत नसेल तर थांबा, चहा प्या, आठ-साडेआठला उठतं बहुतेक.

आणि पुण्या-मुंबईहून नोकरीला आलेल्यांसाठी खास, इथं सूर्य तुमच्याकडच्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटं आधी मावळतो. डिसेंबरात साडेपाचलाच मावळतो. "सहाला परत येऊ" म्हणाल तर अंधारात काठ शोधाल, आणि पाण्यावरून सगळे काठ सारखेच दिसतात. आमची रेषा दुपारी चार, त्यावेळी कॅनू गाडीवर बांधलेली पाहिजे.

## ५. आठवडाभर आधी काय तपासायचं

गावात एक ओळख करा. यासारखं दुसरं साधन नाही. त्या चप्पलवाल्या दिवशीच्या काकांचा नंबर मी घेतला होता, आता दरवर्षी फोन करतो. त्यांच्याकडे मीटर-फूट नसतात. पाण्यात एक वाळलेली बाभूळ उभी आहे, धरणात बुडालेली, ती त्यांची मोजपट्टी. "पाणी बाभळीच्या फांदोडीले हाये" म्हणजे काठ भरलेला, "बुडाशी हाये" म्हणजे येऊ नका. मी अॅपवर जे बघतो ते शेवटी त्यांना विचारून पक्कं करतो.

तुम्हीही आधी एकदा नुसते बघायला जा, कॅनूशिवाय, आणि हे बघा:

- गाडी पाण्याच्या किती जवळ जाते. काळी माती आहे, आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर गाडी तिथंच मुक्काम करेल.
- जलपर्णी किती. गावात काही लोक इकॉर्निया म्हणतात. वाऱ्यानं ती रात्रीत जागा बदलते, सकाळी मोकळा असलेला काठ दुपारी बंद, आणि त्यात अडकलेली कॅनू काढणं म्हणजे ओल्या गाद्यांमधून सायकल चालवणं. नाग नदीचं सांडपाणी कन्हानमार्गे शेवटी इकडेच येतं, त्यामुळे आंभोऱ्याला कन्हानच्या अंगाला न जाता वैनगंगेच्या अंगाला राहा आणि घरी आल्यावर आंघोळ नीट करा.
- जाळी कुठं लागलीत. प्लास्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे रांगेत तरंगताना दिसले की खाली जाळं. वरून कॅनू घालू नका, वळसा घ्या, त्यांची रोजी आहे ती.
- बुडालेली झाडं. बॅकवॉटरमधे जुन्या शेतांची झाडं अजून उभी आहेत, पातळी उतरली की नेमकी कॅनूच्या पोटाशी येतात. जानेवारीनंतर जास्त.
- नदी असेल तर खाली कुठं कोल्हापुरी बंधारा आहे का. हा सगळ्यात वाईट सापळा. वरून नुसती पाण्याची सरळ रेघ दिसते, पण पलीकडे पडणारं पाणी गोल फिरत राहतं आणि माणसाला बाहेर सोडत नाही. बंधाऱ्याच्या बरंच आधी काठाला लागा, कॅनू उचलून चालत पुढे न्या.

फेब्रुवारीनंतर जात असाल तर विजेचा इशारा देणारं दामिनी अॅप फोनमधे ठेवा, पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं केलेलं आहे. ढग गरजायला लागला की पाण्यावर आपणच सगळ्यात उंच असतो.

## ६. परवानगी आणि कागद

कंटाळवाणं आहे पण करा. धरणाचं पाणी जलसंपदा विभागाकडे, मासेमारीचा ठेका बहुतेक स्थानिक मच्छीमार संस्थेकडे, आणि काठ जंगलाला लागून असेल तर वनविभाग. कोणाला विचारायचं ते गावातच कळतं. मी एका कार्यालयात तीन चकरा मारल्या, प्रत्येक वेळी साहेब साइटवर, चौथ्यांदा कळलं की अर्ज दुसऱ्याच टेबलावर द्यायचा होता. म्हणून सीझनच्या महिनाभर आधी लागा, म्हणजे दिवाळीच्या आधीच. परवानगी कागदावर घ्या, "जा हो, कोण विचारतं" याला परवानगी म्हणत नाहीत.

सोबत ठेवा: आधारची झेरॉक्स, परवानगीची प्रत (दोन, एक गाडीत), घरच्यांचा नंबर लिहिलेलं कार्ड. निघताना गावात आणि घरी दोन्हीकडे सांगून निघा, कुठून उतरणार, कुठं निघणार, किती वाजता. अडचणीला ११२, अॅम्ब्युलन्सला १०८. काठावर रेंज कुठं येते ते आधीच बघून ठेवा.

## ७. सामान

लाइफ जॅकेट, प्रत्येकाला, मापाचं, बक्कल लावून. पोहता येतं त्यालाही. बसायला मऊ लागतं म्हणून बुडाखाली घेऊन बसणारे मी बघितलेत. जुलै २०१७ ची वेणा जलाशयाची घटना नागपुरात कुणी विसरलेलं नाही, मोबाईलवर लाइव्ह चालू होतं आणि नाव उलटली, आठ जण गेले. कॅनूत उभं राहायचं नाही, सेल्फीसाठी तर नाहीच.

बाकी: एक जास्तीचं वल्हं, पाणी उपसायला अर्धा कापलेला कॅन, वीस मीटर दोर, शिट्टी, माणशी तीन लिटर पाणी, टोपी, सँडल, चामड्याच्या नकोत, मागून पट्टा असलेल्या प्लास्टिकच्या (अनुभवाचे बोल). थंडीत एक जोडी कोरडे कपडे जाड पिशवीत गुंडाळून, तोंड बांधून. जीन्स घालून येऊ नका, भिजली की वाळतच नाही. मोबाईल वॉटरप्रूफ पाउचमधे, आणि पाउच घरी बादलीत तपासून.

उलटलात तर कॅनू सोडू नका, ती तरंगते, तिला धरून राहा. वाहत्या पाण्यात असाल तर पाठीवर पडून पाय पुढे, आणि प्रवाहात आडव्या झाडाकडे जात असाल तर जीव खाऊन बाजूला पोहा.

## ८. नागपूरबाहेर जायचं असेल तर

तिकडचा हिशोब वेगळा, इथला लावू नका. ऋषिकेशला गंगेवर जुलै-ऑगस्टमधे राफ्टिंग बंद असतं. कोलाडची कुंडलिका मात्र भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून सकाळी सुटणाऱ्या पाण्यावर चालते, तिथं महिन्यापेक्षा पाणी सुटायची वेळ महत्त्वाची, उशिरा पोचलात तर दगड मोजत बसाल. भेडाघाटला नर्मदेत पावसाळ्यात नावा बंद. बुकिंग करताना "सीझन आहे का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "त्या तारखेला पाणी कुठून येतं आणि किती वाजता" असं विचारा, उत्तर देणाऱ्याला नदी माहीत आहे की नाही ते लगेच कळतं.

## ९. तारीख ठरवताना

एक नाही, दोन तारखा धरा. पहिली नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी, दुसरी त्यानंतर पंधरा दिवसांनी. गुरुवारी संध्याकाळी काकांना फोन, शुक्रवारी हवामान, शनिवारी रात्री नऊला शेवटचा निर्णय. त्यानंतर ग्रुपवर कुणी "बघू ना बे सकाळी" म्हणालं तरी ऐकायचं नाही. आणि रद्द झालं तर ज्याची गाडी आहे त्याला शनिवारी रात्रीच सांगा, पहाटे साडेचारला तयार होऊन बसलेला माणूस पुढच्या वेळी गाडी देत नाही.